पाय टेकला की बाद

वाबळे सर सायकलवरून कुठे जात यापेक्षा ते सायकलवर कसे थांबत, हे घोडेगावात जास्त लोकांना आठवतं. चौकातल्या चहाच्या टपरीपुढे त्यांची काळी, दांडीची सायकल यायची, थांबायची आणि सर खाली उतरायचेच नाहीत. दोन्ही पाय पॅडलवर, हँडल जरासं तिरकं, पुढचं चाक बोटभर इकडे, बोटभर तिकडे. एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास. तेवढ्यात पाऊसपाण्यापासून लग्नकार्यापर्यंत सगळ्या गप्पा उरकायच्या. टपरीपुढच्या रस्त्याला किंचित चढ होता आणि सर त्याचा पुरेपूर फायदा घेत, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी त्याला चमत्कारच समजत होते.

एखादा नवखा म्हणायचा, "सर, उतरून निवांत बसा की."

"निवांतच हाय की मी," सर म्हणायचे. "घाई कुनाला हाय?"

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. पण त्यांच्याबद्दल कोणाला काही सांगायला बसले की दुसऱ्या वाक्याला हसूच येतं. त्याला माझा इलाज नाही.

हायस्कूलमध्ये ते आम्हाला पी.टी. शिकवायचे. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट आणि पॅंटवर फक्कीचे डाग. मैदानावर रेषा आखायला जी पांढरी भुकटी वापरतात ती फक्की. लग्नाला सर नवी पॅंट घालून आले तरी तासाभरात तिच्यावर कुठून तरी फक्की उमटायची. मुलींना ते मुलांसारखंच आडनावाने हाक मारत आणि मुलांसारखेच आमचेही कान पिळत. मी 'ए शेटे'. माझं पाळण्यातलं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला शंका आहे.

बाकीच्या शाळांत धावण्याच्या शर्यतीला मान असतो. आमच्याकडे मान होता स्लो सायकलला. फक्कीने अरुंद पट्टे आखायचे, प्रत्येकाने आपापल्या पट्ट्यातून सायकल न्यायची, आणि जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो जिंकला. रेषेबाहेर चाक गेलं की बाद. पाय टेकला की बाद. सर म्हणायचे, "पळनं काय, कुत्रं मागं लागलं की कुनीबी पळतंय. हळू जाऊन दाखवा."

एका वर्षी स्नेहसंमेलनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांना स्लो सायकलमध्ये उतरायची हुक्की आली. वजनदार माणूस, अंगानेही आणि पदानेही. हेडमास्तर, दोन शिक्षक, पाहुणे आणि खुद्द सर असे पट्ट्यांत उभे राहिले. पाहुण्यांचा पाय सुरुवातीलाच टेकला. सगळ्या गावाने एकदम आकाशाकडे पाहिलं. सरांनी सायकलवरूनच शिट्टी फुंकली. "पाव्हनं, पाय टेकला. बाद." हेडमास्तरांचा चेहरा असा पडला की त्यांचाही पाय टेकला. दोघे शिक्षक घाईने रेषेपार झाले. आता मागे एकटे सर उरले होते, म्हणजे जिंकल्यातच जमा. टाळ्या सुरू झाल्या आणि सरांनी पुन्हा शिट्टी फुंकली, या खेपेला स्वतःवर.

"माझाबी टेकला. बाद."

कोणी पाहिलं नव्हतं. "कुठे टेकला सर?" असा मुलांनी गलका केला. सर म्हणाले, "तुमाला दिसला न्हाई. मला कळला न्हाई व्हय?" बक्षीस एका शिक्षकाला गेलं आणि पाहुणे पुढच्या वर्षी घरी सराव करून आले.

'पाय टेकला' हा सरांच्या घरातलाही शब्द होता. त्यांच्या पत्नी मराठी शाळेत शिक्षिका. सगळं गाव त्यांना वाबळेबाई म्हणायचं आणि सरही घरात बाईच म्हणायचे. भाजीत मीठ विसरलं की बाई म्हणायच्या, "आज माझा पाय टेकला." सर दळण आणायला विसरले की त्यांचा टेकायचा. भांडण वाढवायची सोयच नव्हती. चुकलेल्याने आपण होऊन बाद व्हायचं आणि विषय संपला.

बाजाराच्या दिवशी घोडेगावात हायवेवर जी कोंडी होते ती पाहिल्याशिवाय कळायची नाही. म्हशींचे टेम्पो, बैल, ट्रक, एस.टी., सगळे एकमेकांत अडकलेले आणि सगळ्यांचे हॉर्न चालू. अशा कोंडीत एकदा मी बसच्या खिडकीतून सरांना पाहिलं. चारी बाजूंनी गाड्या आणि मधे सर सायकलवर स्थिर, पाय न टेकता. मागच्या टेम्पोतल्या म्हशीने मान लांब करून त्यांच्या कॅरियरवरच्या पिशवीतली मेथी खायला घेतली होती. सरांना ते कळत होतं. मागे वळलं असतं तर तोल गेला असता, म्हणून ते समोर बघतच तिला रागवत होते, "बास कर गं, बास कर. बाई जीव घेतील माझा." जुडी संपली तेव्हा कोंडी सुटली.

सर रिटायर झाले, मी शिकून नगरच्या एका दवाखान्यात कानाच्या तपासणीच्या कामाला लागले, आणि काही वर्षांनी गावात एक बातमी पसरली. वाबळे सर तंबाखू खायला लागले.

ही बातमी किती भयंकर होती ते गावाबाहेरच्याला समजणार नाही. मुलांच्या खिशातल्या पुड्या काढून नाल्यात टाकण्यात सरांचा निम्मा जन्म गेला होता. पण बघणारे खोटं बोलत नव्हते. सर ओट्यावर बसले की त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत राहायचं, बारीक, न थांबता. अगदी चिमूट मळावी तसं. टपरीवर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आदराने चुन्याची डबी पुढे केली. "घ्या सर. आता कशाला लाजता?"

सरांनी त्याचा कान पिळला. डाव्या हाताने. उजवा ऐकत नव्हता.

घरी बाईंनी गुपचूप त्यांचे सगळे खिसे तपासले. शिट्टी निघाली, फुटाणे निघाले, फक्की निघाली. मग बाई त्यांच्यासमोर बसल्या आणि बराच वेळ नुसतं त्या बोटांकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मला फोन आला. बाई म्हणाल्या, "अगं, तंबाखू असती तर बरं झालं असतं."

नगरला एका डॉक्टरांनी वयाची थरथर म्हटलं, दुसऱ्यांनी कंपवात म्हटलं, ज्याला आपण सगळे आता पार्किन्सन म्हणतो. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, त्यांनी फरकही पडला. पण मधल्या काळात सर अंगणात एकदा चालता चालता पडले, आणि बाईंनी सायकलला साखळी लावून कुलूप घातलं. चावी मंगळसूत्राशेजारी, काळ्या दोऱ्यात.

"पायी पडलो मी," सर म्हणत. "सायकलवरून कुठं पडलो? मंग पायांना कुलूप लावा की."

आमच्या दवाखान्यात तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांनी एक अभ्यास सुरू केला होता. आपला तोल सांभाळणारं इंद्रिय कानाच्या आत असतं. अंग कुठे कललं हे तिथून एक नस मेंदूला कळवत असते. माणसाला एका खुर्चीत बसवायचं, अंधाऱ्या शांत खोलीत डोळे मिटायला लावायचे, कानात पडद्याजवळ मऊ टोकाची बारीक तार ठेवायची आणि खुर्ची हळूच एका बाजूला, मग मागे कलवायची. त्या वेळी त्या नसेत जी अगदी बारीक हालचाल होते ती यंत्रावर उमटते. कंपवात असेल तर ती वेगळी उमटते का, आणि त्यावरून आजार किती पुढे गेलाय हे सांगता येईल का, असा तो अभ्यास होता. यंत्रावर बसणारी मी. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी निकाल लावला, "तोलाचंच मशीन आहे ना? मग ते काय म्हणतं ते बघू. तोल चांगला निघाला तर चावी तुमची. नाहीतर सायकल भंगारात."

मी जीव तोडून सांगितलं की बाई, हे यंत्र असं हो-नाही सांगत नाही, अजून अभ्यासच चालू आहे, डॉक्टर बाकी सगळं बघूनच ठरवतात. दोघांनीही मान डोलावली आणि दोघांनीही ऐकलं नाही. सरांच्या लेखी ही सरळसरळ स्पर्धा होती आणि बक्षीस बाईंच्या गळ्यात लटकत होतं.

पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना सगळं नीट समजावलं. सर विचारात पडले.

"म्हंजे तोल कानात असतो?"

"हो सर."

"आनि मी जल्मभर पोरांचे कान पिळले. लोकांचा तोल मीच बिघडवला म्हन की!"

मी हसू दाबत तार हातात घेतली. ते म्हणाले, "घाल घाल. तुझा कान मी लई पिळलाय, शेटे. आता फिटंफाट." तार बसवताना त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. मग अंधारात त्यांचा आवाज आला, "म्हंजे आत एक पंच बसलाय. तोल गेला की शिट्टी मारतो." मी म्हटलं, "सर, बोलायचं नाही. बोललात तर जबड्याची हालचालही यंत्रात उमटते." गप्प बसणं ही त्यांच्यासाठी सगळ्यांत अवघड परीक्षा होती. खुर्ची कलली की त्यांचा हात ब्रेक शोधत मुठीसारखा वळायचा. मला ते अंधूक दिसत होतं आणि फार गोड वाटत होतं.

त्या दिवशी सगळं झकास झालं. हाताची थरथर नाही, चेहरा मोकळा, खुर्चीतून टुणकन उठले. मला मनातून आनंद झाला. बाईंनी नुसतं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला. दोघे निघाले. थोड्या वेळाने मी बाहेर आले तर सर बाकावरच बसलेले. बाई शेजारी, रिक्षा बोलावून ठेवलेली, आणि सर उठायला तयार नाहीत. मला बघून त्यांनी खिशातून शिट्टी काढली. दवाखान्यात, पेशंटनी भरलेल्या व्हरांड्यात, त्यांनी ती फुंकली.

"माझा पाय टेकला," ते म्हणाले.

झालं होतं असं की तपासणीला सकाळची गोळी न घेता यायचं होतं. गोळी घेतली की आजार झाकला जातो, मग मोजायचं काय? हे मी बजावून सांगितलं होतं. सरांनी पहाटे गोळी घेतली होती, बाईंच्या नकळत, आणि वर आरामखुर्चीला वीट लावून चार दिवस कलायचा सरावही केला होता. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कॉपी केली होती आणि ती त्यांना रिक्षापर्यंतही झेपली नाही.

"मला जिंकायचं हुतं गं," ते म्हणाले. "पन असं न्हाई."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी रिक्षावाल्याला जायला सांगितलं आणि सरांच्या शेजारी बसून राहिल्या. दोघांचं बाद होणं इतकी वर्षं पाहिलेली मी, त्या दिवशी मात्र आत जाऊन डोळे पुसून आले.

पुढच्या खेपेला ते गोळी न घेता आले. गाडीतून उतरले आणि दाराच्या उंबऱ्यापाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटले. हा आजार असं करतो. माणसाला पुढे जायचं असतं, पाय ऐकत नाहीत. मागे माणसं खोळंबली. सर म्हणाले, "जरा थांबा मंडळी. घाई कुनाला हाय?" पण आवाज बारीक झाला होता. खुर्चीतही ते मुकाट बसले, एकदाही टोमणा नाही. तपासणी झाली. डॉक्टरांनी यंत्राचं पाहिलं, चाल पाहिली, हात फिरवून पाहिले, मनगटं वाकवून पाहिली, आणि शांतपणे सांगितलं की कंपवातच आहे, शंका नाही. अजून फार पुढे गेलेला नाही, पण आहे.

बाईंनी पदर चावीवर ओढून घेतला. सरांनी ते पाहिलं. मग म्हणाले, "डॉक्टर, एक इचारू? तुमी मला बसवून तपासलं, चालवून तपासलं. मला जे येतं त्याच्यावर कुठं तपासलं?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "मी वाचलंय खरं. पाय चिकटणारी काही माणसं सायकल मात्र चालवतात. स्वतः पाहिलेलं नाही."

"मंग बघा की."

बाई "नको नको" म्हणत राहिल्या आणि आम्ही सगळे दवाखान्याच्या मागच्या अंगणात गेलो. वॉचमनने आपली सायकल आणून दिली. तिथवर यायलाही सरांना किती त्रास झाला. लिंबाच्या झाडाजवळ पुन्हा पाय चिकटले, तिथेच. डॉक्टरांनी एका बाजूने धरलं, वॉचमनने दुसऱ्या बाजूने, आणि दोघांनी मिळून त्यांना सीटवर बसवलं. सरांनी पॅडल शोधलं. एक रेटा दिला.

आणि सर निघाले. तेच सर, चौकातले. पाठ ताठ, मान सरळ, चाक बोटभर इकडे, बोटभर तिकडे. लिंबाला एक फेरी मारली, मग दुसरी. खिडक्यांतून पेशंट बघायला लागले. डॉक्टर तोंडावर हात ठेवून उभे होते. तिसऱ्या फेरीला सर बाईंसमोर येऊन थांबले, म्हणजे त्यांच्या पद्धतीने, पाय न टेकता.

"बाई," ते म्हणाले, "चावी द्या."

बाई रडत होत्या आणि हसतही होत्या. "चावी मिळायची नाही," त्या म्हणाल्या. "पण कुलूप मी उघडीन. रोज. आणि बरोबर येईन."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. हायवे बंद, बाजार बंद. शाळेचं मैदान, कोणीतरी बरोबर, आणि गोळ्या वेळेवर. सरांनी सगळं कबूल केलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मैदानावर सर सायकलवर आणि बाई शेजारून पायी. सर इतके हळू चालवत की बाईंना भरभर चालावंही लागत नसे. बाई मला एकदा म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, बरोबर फिरायला आत्ता मिळतंय बघ."

अभ्यासासाठी सर दर काही महिन्यांनी येत राहिले. येताना माझ्यासाठी बाईंच्या हातची शेंगदाण्याची चटणी. तार कानातून काढली की त्यांचा प्रश्न ठरलेला, "कुठवर पोचलो गं, शेटे?"

आजार पुढे सरकत होता. यंत्रावरून मी एकटी सांगू शकत नव्हते, पण डॉक्टर सांगत की सरकतोय, फार सावकाश. मी म्हणायचे, "वाटेतच आहात सर. हळू चाललायत."

"शाब्बास," ते स्वतःलाच म्हणायचे. "लाईन कुठं पळून चालली न्हाई."

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या सव्वीस जानेवारीला. झेंडावंदन झाल्यावर शाळेने जुन्या विद्यार्थ्यांची स्लो सायकल ठेवली होती. फक्की सरांनीच मारली होती, त्यामुळे पट्टे थोडे नागमोडी होते आणि कोणी तक्रार केली नाही. टपरीवर चुन्याची डबी पुढे करणारा तो विद्यार्थीही होता. त्याने आणि बाईंनी सरांना सीटवर बसवलं. शिट्टी बाईंकडे होती. बाईंनी फुंकली.

मी पहिली पोचले, म्हणजे सगळ्यांत आधी हरले. मग एकेक जण बाद होत गेले, कोणाचा पाय टेकला, कोणाचं चाक रेषेबाहेर. पट्ट्यांत शेवटी सर एकटेच राहिले, अर्ध्या वाटेवर. हँडल धरलेला हात थरथरत होता, पण चाक सरळ होतं. मैदानातली पोरं ओरडायला लागली, "सर, पाय टेकू नका! सर, हळू!" बाई पट्ट्याच्या कडेने चालत होत्या, शिट्टी तोंडाजवळ धरून, आणि ती वाजवायची वेळ येत नव्हती.

मला दुपारच्या ड्यूटीसाठी नगरची एस.टी. पकडायची होती. मी फाटकापर्यंत गेले आणि वळून पाहिलं. सर अजून तिथेच, म्हणजे तिथून हातभर पुढे. त्यांनी मला पाहिलं असावं, कारण मान न वळवता, तोल जाऊ नये म्हणून समोर बघतच ते ओरडले, "घाई कुनाला हाय गं, शेटे?"

बस आली. मी चढले. मागून पोरांचा आवाज पार वेशीपर्यंत येत होता.

सर रेषेपार गेलेले मी पाहिले नाहीत.